ब्लेम: आधी माणूस की आधी चूक?

मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. येणारी बरीच मुलं-मुली दिवसभर एमआयडीसीत स्टोअरला, डिस्पॅचला किंवा अकाउंट्सला असतात. ब्लेम म्हणजे दोष देणे, हे सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते वाक्य बांधताना.

आपण 'माझ्यावर खापर फोडलं' म्हणतो. त्या 'वर'चा ऑन करून 'ही ब्लेम्ड ऑन मी' असं वाक्य तयार होतं. ते चुकीचं आहे. ब्लेमला लागून पुढे काय येतंय ते बघा. माणूस आला, तर त्यानंतर फॉर: 'ही ब्लेम्ड मी फॉर द डिले.' चूक किंवा नुकसान आधी आलं, तर त्यानंतर ऑन: 'ही ब्लेम्ड द डिले ऑन मी.' दोन्हींचा अर्थ एकच. फॉरच्या पुढे क्रियापद आणायचं असेल, तर आयएनजीवालं रूप घ्या: 'शी ब्लेम्ड मी फॉर लूझिंग द कीज.'

फॉरच्या जागी ऑफ लावू नका, तो अ‍ॅक्यूजबरोबर येतो. अ‍ॅक्यूज म्हणजे आरोप करणं, आळ घेणं. चोरी मुळात झाली की नाही इथूनच वाद असू शकतो. ब्लेम म्हणताना मात्र बोलणाऱ्याच्या लेखी काहीतरी बिघडलेलं असतंच. ते कुणामुळे, एवढंच ठरवायचं असतं. म्हणून माल भिजला तर 'दे ब्लेम्ड द रेन' म्हणता येतं. पावसावर कुणी आरोप करत नाही.

आता 'द ड्रायव्हर इज टू ब्लेम' हे वाक्य घ्या. 'ड्रायव्हर दोष देणार आहे' असा अर्थ वर्गात हमखास सांगितला जातो. खरा अर्थ उलटा आहे: दोष ड्रायव्हरचा आहे. 'हू इज टू ब्लेम?' म्हणजे चूक कुणाची? ही रचना अख्खीच पाठ करा. व्याकरणाने सोडवत बसलात, तर बोलताना अडखळाल.

ब्लेम नाम म्हणूनही येतं. 'टेक द ब्लेम' म्हणजे दोष स्वतःवर घेणं, 'पुट द ब्लेम ऑन समवन' म्हणजे दुसऱ्यावर ढकलणं. या अर्थी त्याचं अनेकवचन करत नाहीत. आणि 'माझी चूक नाही' याला 'इट इज नॉट माय फॉल्ट' म्हणायचं, तिथे ब्लेम बसत नाही.

'आय डोन्ट ब्लेम यू' नीट ऐकायला शिका. रात्रपाळीला कंटाळून नोकरी सोडतोय असं तुम्ही सांगितलं आणि साहेब हे म्हणाले, तर तिथे कुणी तुम्हाला गुन्ह्यातून सोडवत नसतं. 'तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं' असा त्यात आपलेपणा असतो. अशा वेळी सॉरी म्हणू नका. थँक यू म्हणा.

डिस्पॅचमधल्या एका विद्यार्थ्याने साहेबांना पाठवायचा मेल मला दाखवला होता. त्यात होतं: 'डोन्ट ब्लेम ऑन मी. इट इज नॉट माय ब्लेम. ट्रान्सपोर्टर इज ब्लेम.' आम्ही बसून तो असा केला: 'प्लीज डोन्ट ब्लेम मी फॉर द डिले. इट वॉज नॉट माय फॉल्ट. द ट्रान्सपोर्टर इज टू ब्लेम.' व्याकरण चोख झालं, तरी मी त्याला तो पाठवू दिला नाही. ब्लेम हा जड शब्द आहे. बोलताना चालून जातो, पण लेखी आला की भांडणाचा सूर लागतो, आणि मेल पुढे कुणाकुणाकडे जाईल ते आपल्या हातात नसतं. शेवटी त्याने लिहिलं: 'द डिले वॉज ड्यू टू अ ट्रक ब्रेकडाउन. द मटेरियल विल रीच टुमॉरो.' कारण आलं, माल कधी पोचेल तेही आलं आणि कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही.