पावसात टेकऑफचं वजन असं काढ

नवा डिस्पॅचर (उड्डाणाचं वजन, इंधन आणि मार्ग ठरवणारा) आला की मी जुलैत पहिलं सांगते: आकड्यांआधी पाणी बघ. थर ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर धावपट्टी ओली. त्याहून जास्त असेल तर ओल्याचा तक्ता मिटून ठेव. तिथला हिशेबच निराळा, आणि प्रत्यक्षापेक्षा जास्त तापमान गृहीत धरून इंजिनाचा जोर कमी करायची सवलतही बंद.

मग कोरड्या आणि ओल्या धावपट्टीवरून टेकऑफला चालणारं जास्तीत जास्त वजन, दोन्ही काढ. कमी असेल तेच धर. ओल्याचा आकडा कधी जास्त निघतो, तेव्हा हुरळू नकोस. ओल्यात रिव्हर्स थ्रस्ट (थांबण्यासाठी इंजिनाचा उलटा जोर) हिशेबात घेता येतो, आणि इंजिन गेलं तर धावपट्टीच्या टोकावर ३५ऐवजी १५ फूट उंची चालते. म्हणजे सवलत नियमात आहे, हवेत नाही!

ब्रेक कमी धरतात म्हणून व्ही-वन, म्हणजे टेकऑफ सोडून थांबायचं ठरवता येईल असा शेवटचा वेग, खाली येतो. वैमानिकाने कोरड्याचा व्ही-वन भरला तर बाकीची मेहनत पाण्यात.

मुंबईत मुख्य धावपट्टी ०९/२७ बंद होऊन आखूड १४/३२ मिळाली, किंवा वारा पाठीमागून वळला, की सगळं पुन्हा काढ. वजन बसत नसेल तर आधी कार्गो उतरव. राखीव इंधनाला हात लावायचा नाही, कोणी कितीही फोन करो.