फायबरच्या होडीचा उडालेला जेलकोट कसा भरावा?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. वर्सोवा, मढ, गोराईला होड्या किनाऱ्यावर चढतात आणि वर्षभर धक्क्याला घासून उडालेले टवके नजरेस पडतात. जेलकोट म्हणजे रंग घातलेलं पॉलिएस्टर रेझिन. थर जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. तो गेला की पाणी आतल्या फायबरमध्ये मुरायला लागतं, म्हणून टवका लहान आहे तोवरच भरा.

आधी नाण्याने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर आतली मॅट, म्हणजे काचतंतूंचा थर, सुटलीय. ते काम मोठं, कारागिराकडेच द्या. आवाज टणटणीत असेल तर पुढे चला.

खरी मेहनत वाळवण्यात आहे. गोड्या पाण्याने मीठ धुवा, वर ताडपत्री बांधा, पण बाजू मोकळ्या ठेवा. काही दिवसांनी टवक्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. मुंबईच्या पावसाळी हवेत हे लांबतंच. घाई असेल तर टवका तात्पुरता बुजवा, पक्कं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. ओल्यावर भरलेला जेलकोट धरत नाही.

वाळल्यावर ॲसिटोनने मेण आणि तेल पुसा, मगच घासा. नाहीतर मेण आत रगडलं जातं. कडा उतरत्या करा. केसासारखी चीर असेल तर ती पटाशीच्या कोपऱ्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडा, नाहीतर माल आत जाणारच नाही. भोवती मास्किंग टेप लावा.

शंभर ग्रॅम जेलकोटला दीड ते दोन ग्रॅम हार्डनर, म्हणजे तो घट्ट करणारं रसायन. उन्हाळ्यात दीडच पुरे, जास्त घातलं तर डब्यातच घट्ट होतं. चष्मा आणि हातमोजे हवेतच: हार्डनरचा एक थेंबही डोळा घालवू शकतो. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) वेगळं मिळालं असेल तर ते आधी जेलकोटमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

किंचित उंच भरा आणि वर ओएचपी शीट (पातळ पारदर्शक प्लास्टिक) दाबून बसवा. साध्या जेलकोटचा वरचा थर हवेत चिकटच राहतो, शीटमुळे तो सुकतो. दुसऱ्या दिवशी शीट काढा. ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून ६००, १०००, १५०० असं पाणी मारत घासा. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, बोटांनी घासलं तर खळगे पडतात. शेवटी रबिंग कंपाउंड, मग मेण.