अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन झाल्यावर लघवीकडे कसं लक्ष द्यायचं

प्रोलॅप्सचं, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकून अंग बाहेर येतं त्याचं, ऑपरेशन झालं की सगळ्यांचं लक्ष टाक्यांकडे असतं, दुखतंय का, रक्त जातंय का, बसता येतंय का, आणि लघवीबद्दल फक्त एवढंच विचारलं जातं की झाली का. खरं म्हणजे विचारायला हवं किती झाली, आणि आत किती राहिली. कारण पहिले काही दिवस थोडी थोडी लघवी होत असते आणि ब्लॅडर (लघवीची पिशवी) मात्र तुडुंब भरलेलं असतं, असं सर्रास होतं आणि पेशंटला कळतही नाही.

असं का होतं ते आधी समजून घ्या म्हणजे घाबरायला होणार नाही. ब्लॅडर योनीच्या पुढच्या भिंतीला अगदी चिकटून असतं, त्यामुळे पुढची भिंत दुरुस्त केली की टाके जवळजवळ त्याच्या खालीच पडतात. तिथे सूज येते, दुखतं म्हणून खालचे स्नायू आपोआप आवळले जातात, भुलीचा आणि जोरदार पेनकिलरचा असर असतो, त्यात बद्धकोष्ठ, मग लघवीची वाट नीट मोकळी होत नाही आणि भरल्याची जाणीवसुद्धा बोथट होते. बहुतेक जणींचं हे काही दिवसांत नाहीतर एखाद-दोन आठवड्यांत सुरळीत होतं. पण तोपर्यंत अंदाजावर चालायचं नाही, मापावर चालायचं.

ऑपरेशननंतर साधारण एक-दोन दिवस कॅथेटर (लघवी बाहेर काढायची नळी) असतो, कधी जास्त. तो असेपर्यंत काम सोपं आहे. युरिन बॅग कायम ब्लॅडरच्या खालच्या पातळीला ठेवा, चालतानाही वर उचलून धरू नका, नळीला पीळ पडू देऊ नका, हात लावण्याआधी आणि नंतर धुवा, आणि बॅग पूर्ण भरायची वाट न बघता रिकामी करा. बॅगेत बराच वेळ काहीच येत नसेल आणि पोट फुगल्यासारखं वाटत असेल तर नळी कुठे दुमडलीय का बघा आणि लगेच सिस्टरना सांगा.

कॅथेटर काढल्यावरची टेस्ट महत्त्वाची. काही ठिकाणी काढायच्या आधी नळीतूनच ३०० मिलीच्या आसपास सलाइन आत भरतात आणि मग लघवीला पाठवतात, त्यातलं निदान दोन तृतीयांश म्हणजे २०० मिली बाहेर आलं तर पास. काही ठिकाणी नैसर्गिक भरू देतात आणि लघवी करून आल्यावर सोनोग्राफीने किंवा छोट्या स्कॅनरने उरलेली लघवी मोजतात. उरलेली १००-१५० मिलीपेक्षा कमी असली तर बहुतेक डॉक्टर समाधानी असतात. तुमचा आकडा काय आला तो विचारून लिहून घ्या, लाजू नका, घरी गेल्यावर काही बिघडलं तर पहिला प्रश्न हाच येणार आहे.

आता घरी. पहिले काही दिवस मापाचं भांडं वापरा आणि वहीत वेळ आणि मिली लिहा. ताण यायची वाट बघू नका, जागेपणी दर ३-४ तासांनी घड्याळ बघून जा. निरोगी ब्लॅडर साधारण एका वेळी ३००-४०० मिली सोडतं, सुरुवातीला तुमचं थोडं कमी-जास्त असेल, ठीक आहे. पण दर अर्ध्या तासाला ५० मिली, मधेच थेंब थेंब गळतंय आणि ओटीपोट जड, असा प्रकार असेल तर ती "फार लघवी होतेय" अशी तक्रार नसून ब्लॅडर रिकामंच होत नसण्याची शक्यता आहे. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण घरचे लोक इथेच फसतात, म्हणतात अगं होतेय की लघवी. ब्लॅडर वारंवार जास्त ताणलं गेलं तर त्याचा स्नायू थकतो आणि बरं व्हायला अजून वेळ लागतो.

लघवीला बसायची पद्धतसुद्धा बदला. कमोडवर पूर्ण टेकून बसा, पाय जमिनीवर सपाट, कोपर गुडघ्यांवर, थोडं पुढे झुकून. अर्धवट उभं राहून, तरंगत करायची सवय कितीही जुनी असली तरी सोडा, त्यात खालचे स्नायू सैल पडतच नाहीत. आणि जोर अजिबात करू नका. कुंथून लघवी काढली की नेमका दाब नवीन टाक्यांवर येतो. श्वास सावकाश सोडा, नळ सुरू ठेवा, वेळ द्या. झाल्यावर उठा, थोडं चाला, दोन-तीन मिनिटांनी परत बसा आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करा, याला डबल व्हॉइडिंग म्हणतात आणि याने खरंच फरक पडतो.

एवढं करूनही आत जास्त राहत असेल तर डॉक्टर दोन पर्याय देतात, काही दिवस परत कॅथेटर, नाहीतर स्वतःच दिवसातून काही वेळा बारीक नळी घालून रिकामं करायचं. दुसऱ्याचं नाव ऐकूनच बायका नको म्हणतात, मी म्हणेन एकदा सिस्टरकडून नीट शिकून तर बघा, दिवसभर नळी आणि बॅग बाळगण्यापेक्षा ते मोकळं आहे आणि इन्फेक्शनचा धोकाही सतत घातलेल्या कॅथेटरपेक्षा कमी असतो.

पाणी तोडू नका. लघवीचा त्रास नको म्हणून पाणी कमी केलं की लघवी कडक होते, जळजळ होते आणि बद्धकोष्ठ वाढतं. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर द्रव पुरे, संध्याकाळनंतर थोडं कमी. चहा-कॉफी मोजकीच. संडासला कुंथावं लागू नये म्हणून पोट साफ व्हायचं औषध दिलं असेल तर ते न चुकता घ्या, भरलेलं आतडं ब्लॅडरची वाट अडवतं. सर्दीची गोळी मनाने घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी लघवी अडकते.

आता उलटी तक्रार. आधी कधीच नव्हतं आणि ऑपरेशननंतर खोकताना-शिंकताना लघवी गळायला लागली. बायकांना वाटतं ऑपरेशन फसलं, तसं नसतं. पाइपला घडी पडली की पाणी थांबतं, तसं खाली आलेल्या अंगामुळे मूत्रमार्ग दुमडलेला होता, आता तो सरळ झाला आणि आधीपासून असलेली कमजोरी उघडी पडली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या केअर नावाच्या अभ्यासात, आधी अशी गळती नसलेल्या आणि पोटातून फक्त प्रोलॅप्सचं ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी साधारण ४४ टक्के जणींमध्ये ३ महिन्यांनी ती आढळली, आणि सोबत गळतीवरचंही ऑपरेशन केलेल्यांमध्ये साधारण २४ टक्के. म्हणून ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारा की अंग वर ढकलून खोकला टेस्ट केली का.

झालीच गळती तर लगेच दुसऱ्या ऑपरेशनचा विचार नको, आधी जखम भरू दे. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर केगल (खालच्या स्नायूंचा व्यायाम) सुरू करा, कॅथेटर असताना करू नका. गॅस आणि लघवी दोन्ही एकदम अडवल्यासारखं आतून वर ओढायचं, पोट-मांड्या न आवळता, काही सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, ८-१० वेळा, दिवसातून तीनदा, निदान ३ महिने. लघवी करता करता मधेच धार थांबवून सराव करू नका. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा मग खोका. अचानक जोराची लागते आणि पोचेपर्यंत थांबत नाही, हा प्रकार वेगळा, त्यावर दोन वेळच्या लघवीतला वेळ हळूहळू वाढवायचा सराव आणि औषधं आहेत, पण आत लघवी उरते का ते मोजल्याशिवाय औषध सुरू करू नये कारण त्यातल्या काहींनी लघवी अजून अडकते.

जड उचलणं आणि शरीरसंबंध साधारण ६ आठवडे बंद, नाहीतर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तितके दिवस.

ताबडतोब दवाखाना गाठायचा तो यासाठी: ४-६ तास लघवीच नाही आणि ओटीपोटात दुखतंय, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर बाजूला दुखणं, रक्ताच्या गाठी, किंवा पॅड भिजवणारा रक्तस्राव. योनीतून दिवसरात्र सतत पाण्यासारखं गळत असेल तर तेही लगेच दाखवा, क्वचित ब्लॅडर आणि योनीमध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. टाके विरघळताना काही आठवडे पांढरट-तपकिरी स्राव जातो, त्याला घाबरू नका, घाण वास यायला लागला तर मात्र दाखवा. जळजळ आणि गढूळ लघवी असेल तर आधी लघवीची तपासणी आणि कल्चर (कोणते जंतू आहेत ते बघायची टेस्ट), घरात उरलेल्या जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्या नाहीत.

तपासणीला जाल तेव्हा त्याआधीच्या ३ दिवसांची वही सोबत न्या, किती प्यायलं, किती झाली, कधी गळली. आणि "बरं आहे ना?" ला नुसतं हो म्हणून उठू नका, आत उरलेली लघवी परत मोजायची गरज आहे का ते विचारा. मासिक पाळी थांबलेली असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम तुम्हाला चालेल का हेही त्याच वेळी विचारून घ्या.