पांढरी जास्वंद खान्देशात का रुसते? या चुका टाळा

मे महिन्यात सकाळी अंगण झाडताना पांढऱ्या जास्वंदीखाली न उमललेल्या कळ्यांचा सडा दिसतो आणि जीव हळहळतो. शेजारची लाल गावठी जास्वंद त्याच उन्हात, त्याच पाण्यावर फुललेली असते. मग घरात एकच निकाल लागतो: पांढरी आपल्याकडे येत नाही. चोपड्याला मी गेली २२ वर्षं पांढरी जास्वंद वाढवते आहे. ती येते आणि चांगली येते. फक्त तिला लाल जास्वंदीच्या मापाने मोजू नये.

दुसरी गोष्ट आपल्याला तर सहज कळायला हवी. कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही सगळी एकाच कुळातली. कपाशीचं पान हातात घेऊन काय बिघडलंय ते सांगणारी माणसं ज्या घरात आहेत, त्या घरात जास्वंद कशाने गेली हे कळू नये, हे मला पटत नाही.

रोप घेतानाच होणारी चूक

‘पांढरी जास्वंद’ म्हणून रोपवाटिकेत निरनिराळी झाडं मिळतात. एकेरी पाकळ्यांची, पोटात लाल ठिपका असलेली किंवा नसलेली, भरगच्च दुहेरी, आणि ताटलीएवढ्या फुलाची संकरित कलमी. आपल्या हवेत पहिली सर्वांत टिकाऊ. दुहेरी फुलाची कळी जड असते, उमलायला जास्त वेळ घेते आणि उन्हाच्या तडाख्यात आधी गळते. पहिलंच झाड लावत असाल तर एकेरीच घ्या, आणि शक्यतो छाटकलमाचं, म्हणजे फांदीचा तुकडा लावून केलेलं.

कलमी झाड घेतलंत तर सांधा कुठे आहे ते त्याच दिवशी बघून ठेवा. सांध्याच्या खालून येणारा फुटवा हा खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचा असतो आणि खुंट बहुधा लाल फुलाच्या, दणकट जातीचा. तो फुटवा जोमदार दिसतो म्हणून लोक जपतात, आणि दोन वर्षांनी झाड लाल फुलायला लागतं. माझ्या जाऊबाई फोनवर विचारत होत्या, “ताई, हाई लाल कशी व्हयनी?” खालचा फुटवा दिसल्या दिवशीच मुळाशी हाताने ओढून काढला असता तर पांढरी वाचली असती. कात्रीने वरवर कापला तर तिथूनच पुन्हा फुटतो.

सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी लालसर होणारं फूल असेल तर तुमच्या झाडाला काही झालेलं नाही. ती वेगळी जात, हिबिस्कस म्युटाबिलिस. तिचा स्वभावच तो. आणि परदेशी बागांच्या फोटोंत पांढऱ्या फुलांची जी देखणी कुंपणं दिसतात, ती बहुतेक हिबिस्कस सिरियाकसची. ती थंड मुलखातली, हिवाळ्यात पानं गाळणारी. तो फोटो बघून भुसावळच्या उन्हात तसं कुंपण करायला जाऊ नका.

काळ्या मातीत खड्डा नको, उंचवटा हवा

माझी पहिली तीन झाडं इथेच गेली. मी दोन फूट खोल खड्डा घेतला, शेणखत भरलं, प्रेमाने झाड लावलं. आषाढात पानं पिवळी पडली, श्रावणात झाड हलवलं तर हातात आलं. मुळं तपकिरी, बोटाने सोललं की साल निघून येणारी. मूळकूज.

कारण साधं आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात खड्डा खणून मोकळी माती भरली की तो खड्डा हौद होतो. आजूबाजूचं पाणी त्यात येतं आणि खाली जायला वाट नसते. लावण्याआधी एक परीक्षा करा: खड्डा संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच उभं असेल तर तिथे खाली लावूच नका. जमिनीवरच ३ फूट रुंद आणि फूटभर उंच उंचवटा करा. त्यात पोयटा, बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. काळ्या मातीत दोन घमेली वाळू टाकून काही साधत नाही, माती आणखी घट्ट बसते.

यातलीच दुसरी अडचण लाल मातीच्या गोळ्याची. बाहेरून आलेली रोपं बऱ्याचदा लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला तर दोन्ही मातींचं जमत नाही. बाहेर चिखल, आणि आत गोळा कोरडा ठाक. वर पाणी दिसतं म्हणून आपण पाणी देत नाही, आणि झाड तहानेने मरतं. लावण्याआधी गोळा बादलीत तासभर बुडवा, बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवा, मुळं मोकळी झाली की लावा. हे काम पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसानंतरच करायचं. एप्रिलमध्ये मुळांना हात लावलात तर झाड उभं राहत नाही.

ठिबक असेल तर ड्रिपर खोडाला चिकटवू नका. खोडापासून फूटभर लांब, दोन बाजूंना दोन. बुंधा सतत ओला राहिला की साल तिथेच कुजते.

पिवळं पान आणि घरातली डीएपीची गोणी

पिवळं पान दिसलं की शेतकरी घरातला हात डीएपी या रासायनिक खताच्या गोणीकडे जातो. थांबा. आधी बघा, कोणतं पान पिवळं आहे. खालची जुनी पानं एखाद-दुसरी पिवळी होऊन गळणं हा झाडाचा नेम. खालची बरीच पानं एकदम पिवळी पडली तर पाणी जास्त झालंय किंवा नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. आपल्याकडे हीच सर्वांत जास्त दिसते, कारण जमिनीत चुनखडी आणि बोअरचं पाणी जड. लोह मातीत असतं, पण झाडाला घेता येत नाही.

अशा वेळी मुठभर डीएपी टाकलं की दुखणं वाढतं. त्यात स्फुरद (फॉस्फरस) ४६ टक्के, आणि जास्तीचं स्फुरद लोह आणि जस्त दोन्ही अडवतं. जास्वंदीला स्फुरद थोडंच लागतं, तिची भूक पालाशची (पोटॅशची). हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकूनही उपयोग होत नाही, चुनखडी ते धरून ठेवते. लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत घालून संध्याकाळी पानांवर फवारलं तर कोवळी पानं हिरवी होतात. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, मागून घ्या. दुकानात सहज मिळणारं ईडीटीए प्रकारचं लोह चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. पैसे वाया जातात, म्हणून पुडीवरचं नाव वाचूनच घ्या.

पालाशसाठी आपल्याला बाजारात जायची गरज नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची खोडं बांधावर पडलेली असतात. ती तुकडे करून शेणाबरोबर चांगली कुजवली की जास्वंदीला याहून चांगलं खत नाही. वाळलेली केळीची पानं बुंध्याभोवती तीन-चार बोटं जाड पसरा, खोडाला मात्र लागू देऊ नका. उन्हाळ्यात माती गार राहते आणि कळ्यांची गळ कमी होते.

कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरली असेल तर ते पाण्यातले क्षार. पावसाळ्यात पन्हाळीखाली कुंडी ठेवून दोन-तीनदा भरपूर धुऊन निघू द्या.

कपाशीचे शत्रू अंगणात येतात

पिठ्या ढेकूण, मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे. ही यादी कपाशीची म्हणून आपल्याला पाठ आहे. जास्वंदीचीही हीच. शेतातली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटली की किडीला दुसरं घर लागतं, आणि गावात बारमाही हिरवी असलेली कपाशीची सोयरी म्हणजे अंगणातली जास्वंद. फरदड (वेचणीनंतरही उभी ठेवलेली कपाशी) ठेवलेल्या शेताजवळच्या घरांत तर हा पाहुणा जातच नाही. म्हणून डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याला शेंडे उलटून बघा. आणि पऱ्हाट्या जळणासाठी आणल्या असतील तर जास्वंदीशेजारी रचू नका.

शेंडा आखडलेला, पानं चुरगळलेली, बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण. शेंडा कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा, उकिरड्यावर टाकू नका. मग खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघा. किडीचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि तिला राखतात. मुंग्यांची वाट मोडली नाही तर फवारा कितीही मारा. राहिलेल्या किडीवर पाण्याचा जोराचा झोत, मग लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळलेला अर्क, थोडा साबण घालून, ऊन उतरल्यावर.

इथे एक चूक फार लोक करतात. पिठ्या ढेकणांमध्ये त्यांच्यासारखीच पांढऱ्या झिपऱ्यांची, पण मोठी आणि चटचट चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. हा भुंगेरा पिठ्या ढेकूण खातो. १८९८ मध्ये तो ऑस्ट्रेलियातून भारतात मुद्दाम आणला गेला. शेतावरचं जहाल औषध अंगणात मारलं की आधी तो मरतो, आणि महिन्याभरात ढेकूण दुप्पट होतात. शिवाय ही फुलं देवाला जातात, लेकरांच्या हातात असतात, शिंजीर त्यात चोच घालतो. शेतातलं औषध अंगणात नको, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता सगळ्यात वाईट चूक. माझ्या हातून झाली म्हणून पोटतिडकीने सांगते. एका पावसाळ्यात माझ्या जास्वंदीची पानं अरुंद, लांबट, भेंडीच्या पानासारखी फाटल्यागत आली, शिरा एकमेकींना चिकटलेल्या. मला वाटलं विषाणू. झाड उपटायला निघाले होते. सासऱ्यांनी पान बघितलं आणि एवढंच विचारलं, “पंप कोणता वापरला?” मक्यावर टू-फोर-डी तणनाशक मारलेला पंप नुसत्या पाण्याने विसळून मी त्यातून निंबोळी अर्क फवारला होता. कपाशी या औषधाला किती नाजूक आहे ते शेतकऱ्याला माहीत असतं. शेजारच्या शेतातून वाऱ्यावर आलेला तुषारही तिची पानं बिघडवतो. जास्वंद तिची सख्खी. यावर उतारा नाही. बिघडलेले शेंडे छाटले, पाणी नेमाने दिलं, खत बंद ठेवलं. मात्रा थोडी होती म्हणून नवी फूट सरळ आली. तेव्हापासून बागेचा दोन लिटरचा पंप वेगळा आहे आणि तो शेतावर जात नाही.

जागा चुकली तर सौंदर्यही जातं

पश्चिमेची भिंत टाळा. दुपारचं ऊन आणि तापलेल्या भिंतीची धग दोन्ही मिळून पांढऱ्या पाकळीची कड करपवतात. लाल फुलावर हा डाग लपतो, पांढऱ्यावर लपत नाही. पूर्वेला पाच-सहा तास सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली ही तिची जागा. पारा ४३-४४च्या वर गेला की तिथेही थोड्या कळ्या गळतील. तेव्हा खत आणि औषध दोन्ही बंद, फक्त पाणी नेमाने, एक दिवस पूर आणि तीन दिवस कोरडं असं नको.

चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे पांढरं फूल दिसतच नाही. मागे विटांची भिंत, गडद हिरवं कुंपण किंवा सावळ्या पानांचं झाड हवं. एकटं झाड असेल तर सहा फूट मोकळी जागा, कुंपण करायचं तर तीन फुटांवर रोप. पण कुंपण दर पंधरा दिवसांनी कात्रीने चौकोनी केलंत तर फुलं विसरा. कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, आणि तीच आपण कापतो. मोठी छाटणी थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत, एक तृतीयांशापर्यंत. एप्रिलमध्ये छाटलं तर उघडी पडलेली साल उन्हाने भाजते.

चांदण्यात बसायला पांढऱ्या फुलांची बाग करायची म्हणून काही जण जास्वंदच जास्वंद लावतात. तिचं फूल एका दिवसाचं, संध्याकाळी मिटायला लागतं. रात्रीसाठी मोगरा, तगर, अनंत, रातराणी जवळ लावा, जास्वंद मागे उंचीला ठेवा. आणि संध्याकाळच्या हळदीकुंकवाला तबकात पांढरी जास्वंदच हवी असेल तर ती सकाळी उमलल्या उमलल्या तोडून फ्रीजमध्ये ठेवा. पाण्यात ठेवायची गरज नाही. दिवेलागणीला बाहेर काढलीत तरी उघडीच असते.