राणीच्या बागेत एकच पिंजरा नीट कसा पाहावा

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, बहुतेक लोक वाघासमोर दोन मिनिटं थांबतात. वाघ झोपलेला असतो. मग "अरे, हा तर झोपलाय" म्हणत मंडळी पुढे सरकतात. सगळी बाग एका दिवसात उरकायची असेल तर दुसरं काही हाती लागणार नाही. प्राणी आणि त्यांचे कीपर खरोखर बघायचे असतील तर एक किंवा फार तर दोन पिंजरे निवडा आणि बाकीचे सोडून द्या.

बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, म्हणून गुरुवारी निघण्याआधी कॅलेंडर बघा. रविवार टाळा. दार उघडताच आत शिरा, कारण सकाळी सफाई आटोपून जनावर नुकतंच बाहेर सोडलेलं असतं. ते कोपरान् कोपरा हुंगत फिरतं, खुणा करतं. दुपारी बारा ते तीन जेवून या, तेवढ्यात काही चुकत नाही.

सोबत वही, पेन आणि मोबाइल हवा. दर दोन मिनिटांनी मोबाइल थरथरेल असं लावा, आवाज बंद. थरथर जाणवली की मान वर करा आणि त्या क्षणी प्राणी जे करतोय तेवढंच एका अक्षरात लिहा: झो म्हणजे झोप, ब म्हणजे बसलेला, चा म्हणजे चालतोय, फे म्हणजे फेऱ्या, खा, चाटतोय तर चा. इथेच गडबड होते, दोन "चा" झाले. म्हणून चिन्हं आधी घरी ठरवा आणि एकदा ताडून बघा. दिसत नसेल तर "नाही" लिहायचंच. जागा कोरी सोडली की हिशेब बिघडतो. अर्ध्या तासात पंधरा नोंदी होतात. त्यातल्या तीन फेऱ्यांच्या असतील तर वीस टक्के. मधल्या वेळात काही भारी घडलं तर ते समासात लिहा, मोजणीत धरू नका. नाहीतर फक्त गंमतीचे क्षण जमतात आणि वाघ दिवसभर धावतो असं वाटायला लागतं.

"चिडला", "कंटाळला", "आपल्याकडे बघून हसला" हे शब्द वहीत नकोत. कान मागे गेले, शेपटीचं टोक हललं, वरचा ओठ वर गेला, असं लिहा. वाघ जमीन हुंगून तोंड अर्धवट उघडतो आणि नाक आक्रसतो तेव्हा तो रागावलेला नसतो, वास तपासत असतो. मगर आ वासून तासभर पडते ते बहुधा अंगाचं तापमान सांभाळण्यासाठी. पाणघोड्याचं मात्र उलटं आहे. त्याचं जांभई दिल्यासारखं उघडलेलं तोंड बऱ्याचदा समोरच्याला दिलेली धमकी असते. त्याच्या अंगावर लालसर ओल दिसली की लोक "रक्त येतंय" म्हणून कीपरला हाका मारतात. तो त्वचेतून पाझरणारा स्राव असतो. सुरुवातीला रंगहीन असतो, मग लाल होतो आणि उन्हापासून कातडी वाचवतो.

पेंग्विनबाबतही असाच घोळ होतो. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली आणले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात. ही जात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची आहे, बर्फात राहणारी नाही. म्हणून "यांना बर्फ का ठेवला नाही" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम बदलतात. तेव्हा पेंग्विन फाटक्या गोधडीसारखा दिसतो, दोन-तीन आठवडे पाण्यात जात नाही, खातही नाही. तो आजारी नसतो. काचेतून बघताना गडद रंगाचा शर्ट घाला आणि कॅमेऱ्याची लेन्स काचेला टेकवा, म्हणजे स्वतःचंच प्रतिबिंब टिपलं जाणार नाही. फ्लॅश बंदच.

आता फेऱ्या. त्या ओळखायला घाई करू नये. संध्याकाळी चार-साडेचारला वाघ-बिबटे आतल्या खोलीच्या सरकत्या दारापाशी येरझाऱ्या घालतात, कारण मांस आत मिळतं आणि वेळ त्यांना पाठ असते. याला वाट बघणं म्हणा. सकाळी अकराला, आजूबाजूला काही घडत नसताना तोच रस्ता, त्याच जागी तसंच वळण, पाऊलही जवळपास त्याच ठशावर पडतंय असं दिसलं, तर ती अडकलेली हालचाल, म्हणजे बंदिवासात जडलेली, हेतू नसलेली सवय. जमीन बघा: गवताच्या मधोमध किंवा कुंपणालगत घासून पडलेली चिंचोळी वाट ही महिन्यांची नोंद असते, तुमची वही तिच्यापुढे काहीच नाही. एक सावधगिरी मात्र हवी. अनेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. त्या दिवशीची अस्वस्थता वेगळी धरा.

कीपरकडे बघायचं ते त्याच्या हातांकडे. वाघ-बिबट्यांसारख्या मोठ्या मांजरांच्या पिंजऱ्यात, प्राणी आतल्या खोलीत गेले की तो आधी बाहेरून त्या खोलीचं दार ओढतो, कुलूप लावतो, हाताने हिसका देऊन बघतो, आतले प्राणी मोजतो आणि मगच झाडू घेऊन रिकाम्या पिंजऱ्यात शिरतो. हा क्रम चुकला तर माणूस जिवाला मुकतो. झाडतानाही नुसतं झाडणं नसतं: विष्ठा घट्ट की पातळ, हाडं किती उरली, पाणी किती संपलं हे तो बघून घेतो. कान लावा, कीपर दिसण्याआधीच बादलीच्या किंवा किल्ल्यांच्या आवाजाने प्राण्याचे कान फिरतात.

दार-कुलपाचं काम चालू असताना त्याच्याशी बोलू नका. काम आटोपलं की "दादा, एक मिनिट आहे का?" म्हणून विचारा. "हा किती खातो?" याचं उत्तर पाठ झालेलं मिळेल. "काल किती उरवलं?" किंवा "पावसात हा बाहेर येतो का?" विचारलं की माणूस खुलतो.

खाऊ टाकणं, काच ठोकणं, शिट्ट्या मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. नोंदवहीचंही त्याने वाटोळं होतं. लंगडणं, जखम किंवा पिंजऱ्यात पडलेली प्लास्टिकची पिशवी दिसली तर जवळच्या रक्षकाला कोणता पिंजरा, किती वाजता, डावा पाय की उजवा एवढं सांगा. पिशवी काढायला स्वतः काठी घालू नका.