एक कॅमेरा, दोन वह्या: कोल्हापुरात राहून सिनेमा आणि जाहिरातीचं काम

कोल्हापुरात ही दोन्ही कामं एकाच माणसाने करणं नवं नाही. इथले चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे, त्यांनी कॅमेरा इथेच घडवला आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतःच केली. आजही शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांचं पोट जाहिरातींच्या व्हिडिओवरच चालतं. बहुतेकांचं बिघडतं ते एका ठिकाणी. पैसा एकाच खात्यात येतो, सिनेमासाठी ठेवलेली रक्कम ऑफिसच्या भाड्यात जाते आणि पटकथा तीन वर्षं ड्राइव्हवर पडून राहते. म्हणून पहिल्या दिवसापासून बँकेत दोन खाती उघडा. धंद्याचं एक, सिनेमाचं एक. बिल जमा झालं की त्याच दिवशी ठरलेला हिस्सा दुसऱ्या खात्यात वळवा.

दर कसा काढायचा

"शेजारचा पाच हजारात करतो" हा दर नव्हे. आकडे आपले घालून हे गणित करा. घरखर्च ३०,०००. भाडं, वीज, इंटरनेट १२,०००. सॉफ्टवेअर, विमा, दुरुस्ती ६,०००. चार लाखांचं साहित्य चार वर्षांत जुनं होतं, म्हणजे महिन्याला साधारण ८,३००. सिनेमाच्या खात्यात १०,०००. बेरीज ६६,३००. आता याला तीसने भागू नका. शूटिंगच्या एका दिवसामागे दोन ते तीन दिवस एडिटिंगचे जातात, शिवाय भेटीगाठी आणि वसुली. महिन्याला शूटिंगचे सहा दिवस मिळाले तरी हात भरलेला असतो. म्हणजे एडिटिंगसह एका दिवसाचे किमान ११,०५०. भाड्याचे लाइट, मदतनीस, प्रवास त्यावर वेगळा.

लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, ती पहिल्याच आठवड्यात करा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. मुदत उलटूनही ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी देणाऱ्याला तो खर्च आयकरात वजा दाखवता येत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातल्या अकाउंटंटला हे चांगलं माहीत असतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की फोन कमी करावे लागतात. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी आला. ॲडव्हान्सवरही तो भरावा लागतो, म्हणून कोटेशनमध्ये "जीएसटी वेगळा" हे शब्द विसरू नका.

करार दोन पानांचा पुरे. ५० टक्के आधी, ३० टक्के पहिला कट, म्हणजे एडिटची पहिली आवृत्ती दाखवल्यावर, २० टक्के फाइल देण्यापूर्वी. बदलांच्या फेऱ्या दोनच, तिसरीपासून पैसे. पण सिनेमावाल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम वेगळंच आहे: कच्चं फुटेज कोणाचं? ते लिहिलेलं नसेल तर पुढे एखादा सुंदर शॉट स्वतःच्या माहितीपटात वापरताना भांडण होतं. "कच्चं फुटेज व्हिडिओ करणाऱ्याकडे राहील, कंपनीची गोपनीय यंत्रणा वगळून बाकीचं माहितीपटात वापरता येईल" असं एक वाक्य घाला. ज्यांचे चेहरे दिसतात त्यांच्याकडून वेगळी लेखी संमती घ्या, कारण मालकाची सही कामगाराच्या चेहऱ्याला चालत नाही.

गुऱ्हाळावर

दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटली की गुळाचे ब्रँड व्हिडिओ मागतात. आदल्या दिवशी कॅमेरा न नेता जा आणि गुळव्याशी, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराशी बोला. काहिलीतला (रस उकळायच्या मोठ्या कढईतला) पाक कधी उतरवायचा हे तोच ठरवतो, तुमच्यासाठी थांबत नाही. उतरवून वाफ्यात (गूळ निवायच्या पसरट जागेत) ओतण्याचा भाग काही मिनिटांत संपतो. तो चुकला तर पुढचं आदण, म्हणजे रसाची पुढची काहिल होईपर्यंत काही तास बसून राहावं लागतं. म्हणून कॅमेरे दोन ठेवा: एक वाइड, वाफ्याच्या बाजूला स्टँडवर घट्ट लावलेला, दुसरा हातात. वाफ समोरच्या उजेडात दिसतच नाही. काहिलीच्या मागच्या बाजूने उजेड येईल अशी जागा धरा, म्हणजे वाफेला आकार येतो आणि मागचा अंधार कामाला येतो. पहाटेच्या गारव्यातून थेट आत शिरलात की लेन्स धुरकटते आणि पुसून उपयोग होत नाही. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं आत राहू द्या, मग काढा. समोर साधा यूव्ही फिल्टर लावा, कारण पाकाचा थेंब काचेवर वाळला की लेन्सचं कोटिंग जातं. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं सेटिंग) ऑटोवर नको. चुलवाणाचा जाळ फ्रेममध्ये आला-गेला की गुळाचा रंग बदलतो, आणि रंग बदललेला गूळ ग्राहकाला खपत नाही.

फाउंड्रीत धोका वेगळा. वाळूची बारीक धूळ सेन्सरवर बसते, तिथे लेन्स बदलायचीच नाही. एक्स्पोजर ओतल्या जाणाऱ्या धातूवर ठरवा, अंधारात गेलेली माणसं नंतर थोडी उजळता येतात, जळालेला पांढरा भाग परत येत नाही.

कारखान्यातली आणखी एक नेहमीची चूक म्हणजे फ्लिकर, दिव्यांमुळे चित्रात येणारी लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओची पद्धत एनटीएससी असेल तर पाल करा, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. स्लो मोशनला ५० फ्रेम आणि १/१००. १२० फ्रेमवर ट्यूबखाली शूट केलेलं फुटेज घरी आल्यावर लुकलुकताना दिसतं. स्वस्त एलईडी याही हिशोबाला जुमानत नाहीत, त्यामुळे आधी दहा सेकंद घेऊन स्क्रीनवर बघा. ड्रोनचं ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनसाठीचा नकाशा उघडा. उजळाईवाडीचा विमानतळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीला खेटूनच आहे, तिथे ग्राहकाच्या हौसेला थेट नाही म्हणा.

आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची सगळ्यात वरची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. मशीन बंद करायला सांगता येत नसेल तर मालकाची मुलाखत तिथे घेऊच नका, ऑफिसात घ्या आणि मशीनचा आवाज वेगळा ३० सेकंद नोंदवून खाली लावा.

मराठी अक्षरं

इथे निम्मे व्हिडिओ गबाळे दिसतात. ग्राहक छापखान्यातून माहितीपत्रकाचा मजकूर पाठवतो, तो श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात असतो. कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून मागवा, नाहीतर टायपिंगचे पैसे लावा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणि रफार भलत्याच जागी दिसला तर दोष बहुधा फाँटचा नसतो. प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन निवडायची सोय असेल तर ते साउथ एशियन करा, आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत हेच टाइप या विभागात होतं. आधी तयार केलेला टायटल तरीही तुटका राहिला तर तो नव्याने टाइप करा.

तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गॅलरीतून पाठवला की दर्जा खाली येतो आणि ग्राहक तुमच्या कॅमेऱ्याला नावं ठेवतो.

सिनेमाच्या तारखा

गणपती ते दिवाळी जाहिरातीचा हंगाम. तेव्हा सिनेमाचं नाव काढू नका. जुलै-ऑगस्टच्या पावसात बाहेरचं काम आपोआप थांबतं, तेव्हा लिहा आणि एडिट करा. शूटिंगला जानेवारी-फेब्रुवारीतले सलग सहा दिवस सहा महिने आधी कॅलेंडरवर अडवा आणि त्या तारखा ग्राहकाला "दुसऱ्या कामाला दिल्यात" एवढंच सांगा. लग्नाची ऑर्डर नेमकी याच दिवसांत येते. ती घेतली की वर्ष गेलं.

फिल्म पूर्ण झाल्यावर लगेच यूट्यूबवर चढवू नका. बरेच महोत्सव आधी ऑनलाइन दाखवलेली फिल्म घेत नाहीत. पडद्यावर अक्षरं नसलेली एक प्रत, संवाद आणि संगीताचे वेगळे ट्रॅक आणि इंग्रजी सबटायटल असा संच काढून ठेवा. संगीतासाठी गाजलेल्या गाण्याचा तुकडा वापरलेला असेल तर हक्काचा प्रश्न इथेच अडवतो, म्हणून सुरुवातीपासून स्थानिक वादकाकडून करून घ्या आणि लेखी घ्या.

१०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के फुटेज तासाला ४५ जीबी खातं. शूटिंगच्या रात्रीच दोन डिस्कवर कॉपी करा, कार्ड त्यानंतरच फॉरमॅट. दोन्ही डिस्क ऑफिसात नकोत. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडे २०१९ आणि २०२१ साली पाणी शिरलं होतं, तळमजल्यावर ऑफिस असेल तर दुसरी डिस्क उंचावरच्या पाहुण्यांच्या घरी ठेवा आणि जूनआधी एकदा उघडून बघा.