प्लेटलेट कमी आहेत, पण हा डेंग्यू नाही: आयटीपीचं निदान झाल्यावर या चुका टाळा

मोजे काढले तेव्हा दिसलं. घोट्याच्या वर, जिथे मोज्याचं इलॅस्टिक बसतं, तिथे बांगडीसारखी लाल ठिपक्यांची रांग होती. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, खाज नाही, आग नाही, बोटाने दाबले तरी फिके पडत नव्हते. दंडावर आणि मांडीवर आठवडाभर निळे डाग येत होते; मी भांडुपहून दादरला रोज लोकलने जाते, गर्दीत कुणाचं कोपर लागलं असेल असं समजून सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केली. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, १४,०००.

जुलै महिना होता, त्यामुळे घरापासून लॅबपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द: डेंग्यू. पण मला ताप आलाच नव्हता. डेंग्यूची एनएस१ निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी व्यवस्थित. आणखी काही तपासण्या झाल्यावर रक्तविकारतज्ज्ञांनी नाव सांगितलं: इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, म्हणजे आयटीपी. आपलीच प्रतिकारशक्ती स्वतःच्या प्लेटलेटना परकं समजते, त्यांच्यावर अँटिबॉडी चिकटवते आणि मग पांथरी (प्लीहा) त्यांना गाळून नष्ट करते. हाडांच्या मगजात नव्या प्लेटलेट तयार होण्यावरही त्याचा परिणाम होतो. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असायला हव्यात. एक लाखाच्या खाली गेल्या आणि दुसरं कुठलंच कारण सापडलं नाही, तर हे निदान करतात.

आपल्या मुंबईत प्लेटलेटबद्दल जे काही माहीत असतं ते सगळं डेंग्यूने शिकवलेलं असतं. आयटीपीत नेमकं तेच आड येतं. पहिल्या काही महिन्यांत आमच्या घरात झालेल्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू झाल्या.

"मग प्लेटलेट चढवा ना!"

माझ्या दिरांनी त्याच संध्याकाळी रक्तगट विचारून डोनर जमवायला सुरुवात केली होती. त्यांची माया मला कळत होती. पण आयटीपीत बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही त्याच अँटिबॉडीच्या तावडीत सापडतात आणि बऱ्याचदा काही तासांतच संपतात.

दोष प्लेटलेटमध्ये नसून रक्तातल्या दुसऱ्याच कशात तरी आहे, हे दाखवायला अमेरिकेत सेंट लुईसच्या विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने १९५० मध्ये आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या अंगात घेतलं. काही तासांत त्याच्या निरोगी प्लेटलेट कोसळल्या, अंगावर ठिपके उठले. काही दिवसांनी तो सावरला. ही गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली आणि मी ती घरी सगळ्यांना बसवून सांगितली, तेव्हा कुठे डोनरची धावपळ थांबली. जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल किंवा तातडीचं ऑपरेशन असेल, तर प्लेटलेट देतात. तेव्हाही बहुधा स्टिरॉइड आणि आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते इम्युनोग्लोब्युलिन) यांच्या जोडीने.

ओघात एक सांगते. आपल्याकडे प्लेटलेटना सर्रास "पांढऱ्या पेशी" म्हणतात. फोनवर डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना असं सांगू नका. पांढऱ्या पेशी वेगळ्या, आणि त्या कमी झाल्या असं ऐकलं की डॉक्टर भलत्याच दिशेने विचार करू लागतात. काउंट सांगताना "प्लेटलेट" असंच म्हणा.

पपईचा पाला, गुळवेल आणि "प्रतिकारशक्ती वाढव"

सासूबाई पहाटे उठून पपईच्या पानांचा रस काढायच्या. कडू जहर. मी तो आठ दिवस प्याले, कारण नाही म्हणवलं नाही. डेंग्यूत काउंट मुळातच काही दिवसांनी आपोआप वर येतो, त्यामुळे श्रेय पपईला मिळतं. आयटीपीत या रसाचा उपयोग सिद्ध झालेला नाही. माझ्या बाबतीत झालं ते एवढंच, की पोट बिघडलं आणि ते आजारावर सुरू झालेल्या स्टिरॉइडमुळे आहे की रसामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

गुळवेलीचं त्याहून गंभीर आहे. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी वार करते आहे. तिला आणखी चेतवण्यात काय हशील? कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे, आणि ती इजा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करावा तशा प्रकारची होती. काढा, चूर्ण, "इम्युनिटी"ची गोळी, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना दाखवा. वैद्यांचं औषध सुरू असेल तर तेही लपवू नका.

अंगदुखीची गोळी

माझ्या मते सर्वांत धोक्याची चूक हीच, कारण ती नकळत होते. डोकं दुखलं, नाक्यावरच्या केमिस्टकडे "एक गोळी द्या" म्हटलं, त्याने हातात ठेवली. डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन असतं, ब्रुफेन आणि कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन, व्होव्हरानमध्ये डायक्लोफेनॅक. ही औषधं उरल्यासुरल्या प्लेटलेटचं कामही मंदावतात. म्हणजे काउंट २५,००० असला तरी रक्त थांबवण्याची ताकद त्याहून कमी होते. दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या.

तसंच कमरेत किंवा दंडात घ्यायचं इंजेक्शन. "ताकदीचं एक टोचून घ्या" असा आग्रह झाला तर आधी आजाराचं नाव सांगा, स्नायूत रक्त साकळू शकतं. दात काढायच्या आधी डेंटिस्टना काउंट दाखवा. दाढीसाठी इलेक्ट्रिक शेव्हर, दातांना मऊ ब्रश. एवढं पुरतं.

काउंटच्या मागे धावू नका

पहिल्या महिन्यात मी फ्रिजवर कागद चिकटवून आकडे लिहायचे. १४,०००, ३८,०००, ६२,०००, ४५,०००. आकडा उतरला की घर सुन्न. एका रविवारी एका लॅबमधून ९,००० चा रिपोर्ट आला. आम्ही टॅक्सी करून हॉस्पिटलात पोचलो, तर अंगावर नवा ठिपका एकही नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि दुसऱ्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजलं: ४१,०००. सीबीसीच्या जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असतं. काही वेळा त्यामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन एक पुंजका एकच पेशी म्हणून मोजतं किंवा सोडून देतं. सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या नळीत पुन्हा तपासलं की खरं कळतं. म्हणून आकडा आणि अंग यांचा मेळ बसत नसेल तर स्मिअर, म्हणजे रक्ताची काच, पाहून खात्री करायला सांगा. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच.

मोठ्या माणसांत काउंट ३०,००० च्या वर असेल आणि रक्तस्राव नसेल, तर बहुधा औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. "डॉक्टर काहीच करत नाहीत" असं वाटून तीन हॉस्पिटलं बदलणारी माणसं मी पाहिली आहेत. दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्या, पण रक्तविकारतज्ज्ञांचंच घ्या. परळच्या केईएमच्या आवारात रक्ताच्या अशा आजारांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्थाही आहे. विभागाच्या पाटीवर कॅन्सर हा शब्द दिसला म्हणून घाबरून परत फिरू नका, दोन्ही प्रकारचे रुग्ण अनेकदा तेच डॉक्टर पाहतात. बाकी लक्षणं नेहमीची असतील तर मगजाची तपासणीही प्रत्येकाला लागत नाही.

लहान मुलांचं वेगळं असतं. पुष्कळदा सर्दी-तापासारख्या विषाणूच्या आजारानंतर काउंट पडतो आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत बरी होतात. नुसते त्वचेवर डाग असतील तर औषधही देत नाहीत. मोठ्यांत आजार रेंगाळतो. वर्षापेक्षा जास्त टिकला तर त्याला जुनाट म्हणतात.

स्टिरॉइड अचानक बंद करणं

स्टिरॉइड म्हणजे वाईट, ही आपल्याकडची पक्की समजूत. चेहरा सुजला, भूक खवळली, रात्री दोन वाजता टक्क जाग येऊ लागली, तेव्हा मीही तीन गोळ्या चुकवल्या. डॉक्टर पहिल्यांदाच रागावले. हे औषध पायरी-पायरीने उतरवायचं असतं. अचानक तोडलं तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तेवढ्या वेगाने सुरू होत नाही. उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: काउंट चढला म्हणून जुनीच चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने गोळ्या आणत राहणं. आता साधारण सहा आठवड्यांत स्टिरॉइड आटोपतं घ्यावं असाच कल आहे. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या, साखर आणि बीपी तपासत राहा.

पुढे मला एल्ट्रॉम्बोपॅग, म्हणजे प्लेटलेट तयार करायला चालना देणारी गोळी, सुरू झाली. त्याची गंमत चहाशी आहे. कॅल्शियम पोटात असेल तर ही गोळी अंगी लागत नाही. गोळीनंतर दोन तास आणि गोळीच्या आधी चार तास दूध, दही, पनीर, नाचणीचं सत्त्व, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी, ॲसिडिटीचं औषध यातलं काही नको. स्टिरॉइडबरोबर दिलेली कॅल्शियमची गोळी मी याच्याच जोडीने गिळत होते आणि काउंट का हलत नाही म्हणून रडत होते. आता ही गोळी रात्री झोपताना घेते, संध्याकाळच्या चहाला चार तास उलटून गेल्यावर, आणि रात्रीच्या जेवणात दही-ताक ठेवत नाही.

पावसाळ्यात उलटी चूक

आधी आयटीपीला डेंग्यू समजतात. निदान झाल्यावर लोक डेंग्यूला आयटीपी समजतात, आणि ते जास्त घातक. ताप आला आणि काउंट पडला, तर "माझं नेहमीचंच आहे" म्हणून घरी बसू नका. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांच्या तपासण्या त्याच दिवशी. गुडघाभर पाण्यातून चालत घरी आला असाल तर तेही सांगा.

घरी काय, हॉस्पिटलात कधी

नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू नका. पुढे झुकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटं सोडू नका. हिरड्यांतून किंचित आलं तर गार पाण्याची चूळ भरा. पाळीत तासाला एक पॅड भिजत असेल तर पाळी संपायची वाट न पाहता फोन करा, त्यावर औषध आहे.

तोंडात आतून रक्ताचे काळपट फोड, डांबरासारखी काळी शी, लघवीत रक्त, कधी नव्हे असं तीव्र डोकं दुखणं, उलट्या, धूसर दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, किंवा डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर काउंटचा रिपोर्ट यायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. डोक्यावर पडलात आणि बरं वाटतंय, तरीही जा.

बाकी दिवस साधे असतात. सासूबाईंनी दोन महिने मला विळीवर बसू दिलं नाही. शेवटी डॉक्टरांनीच त्यांना समजावलं, की बोट कापलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं, बहुतेक वेळा थांबतं. आता भाजी मीच चिरते. ऑफिसला जाते, फक्त गर्दीची लोकल सोडून पुढची पकडते.

आणि एक कागद सोबत ठेवा: आजाराचं नाव, रक्तगट, चालू औषधं, ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या गोळ्या देऊ नयेत ही सूचना, डॉक्टरांचा नंबर, घरचा नंबर. माझा लोकलच्या पासाच्या कव्हरमध्ये, पासाच्या मागे घडी करून ठेवलेला असतो.